उलटा ओढणारा नळ

मी एसटीत कंडक्टर आहे. आवाज मोठा आहे. तो नोकरीने दिला की जन्माने, यावर आमच्या घरात दोन मतं आहेत. नवरा म्हणतो, लग्नाच्या आधी बघायला आला तेव्हा मी चहा विचारला आणि शेजारच्या घरातूनसुद्धा "नको" असं उत्तर आलं. असो. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे जे झालं त्यात माझ्या आवाजाचा काही उपयोग झाला नाही. आवाजाने गाडी भरता येते आणि रिकामी करता येते, पाणी पुढे सरकवता येत नाही.

आमच्या गल्लीत अकरा घरं आहेत. सोलापुरात पाणी रोज येत नाही हे बाहेरच्या माणसाला सांगितलं की तो हळहळतो. आम्हाला त्याचं काही वाटेनासं झालंय. पाहुण्यांनी कधी यायचं, गोधड्या कधी धुवायच्या, घरच्या लेकीचं डोहाळजेवण कधी ठेवायचं, हे सगळं पाण्याचा दिवस बघून ठरतं. पाचव्या दिवशी सकाळी नऊच्या सुमाराला चावीवाला येतो, मोठ्या रस्त्यावरची चावी फिरवतो, आणि पुढचे दीड-दोन तास गल्लीत कुणी कुणाचं नसतं.

पाइप मोठ्या रस्त्याकडून गल्लीत शिरतो. पहिलं घर वहिनींचं, सगळी गल्लीच त्यांना वहिनी म्हणते. त्या मूळच्या वैरागकडच्या, शेती अजून आहे, इथे तीन मजले बांधून वर भाडेकरू ठेवलेत. माझं घर दहावं. अकरावं घर अक्कांचं, तिथे पाइपही संपतो आणि गल्लीही. अक्का एकट्या राहतात. नवरा यंत्रमागावर होता, तो वारून बरीच वर्षं झाली. मुलगी लग्न होऊन हैदराबादकडे गेली. अक्का दिवसभर मांडीवर सूप घेऊन विड्या वळतात. घरची भाषा तेलुगू, पण मराठी आमच्यापेक्षा कडक बोलतात. मला मात्र त्या 'ताई' म्हणायच्या आणि बोलताना आवाज जरा खाली घ्यायच्या. वयाने मोठ्या असून. मला ते बरं वाटायचं, खोटं कशाला सांगू.

पूर्वी नळाला आपलं आपण पाणी यायचं. मग पहिल्या घराने अर्ध्या एचपीची मोटर थेट नळाला जोडली. मोटर लावायची, पाइपातलं पाणी ओढायचं आणि सरळ तिसऱ्या मजल्यावरच्या टाकीत फेकायचं. दुसऱ्या घराचं पाणी बारीक झालं, त्यांनीही मोटर आणली. मग तिसऱ्याने. असं करत करत ती साथ आमच्या दारापर्यंत आली. थेट नळाला मोटर लावायला बंदी आहे हे सगळ्यांना माहीत आहे. पण बंदी ही शेजाऱ्यासाठी असते. मीही लावली, आणि लावायचीच तर कमी जोराची कशाला म्हणून पूर्ण एक एचपीची लावली. दुकानदार म्हणाला, "बाई, येवढी कशाला?" मी म्हटलं, "माझ्या पुढं नऊ मोटरी हायत." दोन वर्षं त्या मोटरीने माझी टाकी काठोकाठ भरली. ड्यूटीवर डेपोत बायका पाण्याचं रडगाणं गायला लागल्या की मी गप्प बसून डबा खायची. आतून गार वाटायचं.

अक्कांनी मोटर लावली नाही. एक तर विजेचं बिल, दुसरं, त्यांच्या घरावर टाकीच नाही. त्यांचा नळ दारासमोरच्या खड्ड्यात आहे. पाण्याला जोर नसला की नळ खाली खाली नेत जातात लोक, तसा खड्डा. त्यांना पाणी कमी पडतं हे कळल्यावर मी घरात फर्मान काढलं होतं, की आपली टाकी भरली की अक्कांना दोन घागरी द्यायच्या. दर पाण्याच्या दिवशी, न चुकता. मी तेव्हा घरी नसायची, म्हणून नवऱ्याने द्यायच्या. तो घरीच शाळेचे गणवेश शिवतो, त्यामुळे पाणी भरण्याचं खातं त्याच्याकडे. अक्का दोन घागरी घ्यायच्या, आणि संध्याकाळी शेंगाचटणी, कधी पापड, कधी माझ्या ब्लाउजांना हुक लावून पाठवायच्या. मी घ्यायची. वर म्हणायची, "कशाला अक्का, पाण्याचं काय येवढं?"

तर मागच्या वर्षी मंगळवेढ्याच्या गाडीतून उतरताना माझा पाय पायरीवरून निसटला. घोटा सुजून टम्म. डॉक्टरांनी तीन आठवडे घरी बसायला सांगितलं. दोन वर्षांत पहिल्यांदा मी पाण्याच्या दिवशी घरी होते; एरवी सुट्टीची सकाळही बाजारहाटात जायची.

नऊ वाजले. चावी फिरल्याचं गल्लीला कसं कळतं देव जाणे, पण कळतं. एकापाठोपाठ एक मोटरी घूं घूं करायला लागल्या. नवऱ्याने आमची सुरू केली. ती मिनिटभर नीट चालली आणि मग तिचा आवाज बदलला, कोरडा, किरकिरा. नवऱ्याने शिलाई मशीनवरून न उठताच मान खिडकीकडे वळवली आणि हाक मारली, "अक्का! नळ!"

पलीकडून नळ फिरवल्याचा आवाज आला. आमची मोटर लगेच सुतासारखी सरळ झाली.

मी विचारलं, "काय झालं?"

"काय न्हाय. त्यांचा नळ उघडा राहिला की आपली मोटर हवा धरती."

"म्हंजे?"

"म्हंजे हवा धरती. मग पाणी चढत न्हाय. म्हून त्यांना सांगून ठेवलंय, आपलं होईस्तवर नळ बंद ठेवा." त्याने कॉलर पलटी केली आणि शिवत राहिला. दोन वर्षांची सवय झाली होती त्याला.

मी शिकलेली जास्त नाही, पण तिकिटाचा हिशेब पटकन जमतो. हा मात्र मनात जुळायला वेळ लागला. आपली मोटर चालावी म्हणून त्यांचा नळ बंद? मग त्या भरतात कधी? मी काठी घेतली, लंगडत बाहेर पडले.

अक्का दारात बसून विड्या वळत होत्या. खड्ड्याशेजारी एक हंडा, दोन बादल्या, एक पत्र्याचा डबा, सगळं ओळीने मांडलेलं, सगळं कोरडं. मी खड्ड्यात वाकले आणि नळ उघडला. पाणी नाही. स्स्स असा आवाज. मला वाटलं, हवा बाहेर येतेय, मागून पाणी येईल. मी तळहात नळाच्या तोंडावर धरला.

नळाने हात ओढला. कातडी आत खेचली गेली आणि हात चिकटून बसला. मी झटका देऊन सोडवला तेव्हा तळव्यावर तांबडा गोल उठला होता. तो नळ पाणी देत नव्हता, घेत होता. अक्कांच्या दारातली हवासुद्धा माझी मोटर पीत होती.

इतक्यात आमच्या खिडकीतून नवरा ओरडला, "अक्का, नळ बंद करा की ओ! पुन्ना हवा धरली!"

"अक्का न्हाईत," मी ओरडले, "मी हाय! मोटर बंद करा!"

मोटर बंद झाली. पाचेक मिनिटं काहीच झालं नाही. मग नळ दोनदा शिंकला आणि करंगळीपेक्षा बारीक धार हंड्यात पडायला लागली. पुढच्या नऊ मोटरींच्या तावडीतून सुटलेलं तेवढंच पाणी होतं ते, आणि इतके दिवस तेही माझ्या टाकीत जात होतं.

अक्का विड्या वळत होत्या. पान कापायचं, तंबाखू भरायची, वळायचं, दोरा. बोटं थांबली नाहीत.

मी विचारलं, "अक्का, तुमाला म्हाईत होतं?"

"व्हय की."

"मग सांगितलं का न्हाई मला?"

त्यांनी हातातली विडी बांधून सुपात टाकली. "नळ तर गेलाच हुता, ताई. सांगून त्या दोन घागरी बी घालवू?"

मी घरी आले. काठी कोपऱ्यात फेकली. चिडले की मी भांडी घासते, पण त्या दिवशी घासायला हात धजेना.

मंगळवेढ्याच्या बाजूला आमचं गाव. माझी आजी तरुण असताना गावच्या विहिरीला आमच्या लोकांनी हात लावायचा नसे. आजी विहिरीपासून लांब घागर ठेवून बसायची. वरच्या आळीतली कुणी बाई आली आणि तिला वाटलं तर ती वरून पाणी ओतायची. आजी सांगायची, त्यातली एक बाई लई मायाळू होती. कधी नाही म्हणायची नाही. स्वतःचं भरून झालं की आजीला हाक मारायची. आजी तिच्या घरची गोठ्याची जमीन सारवून द्यायची, न सांगता. त्या बाईशी आजी जन्मात कधी वर मान करून बोलली नाही. मी लहानपणी विचारायची, ती बाई चांगली होती ना गं? आजी म्हणायची, "चांगली हुती. पर हीर काय तिची हुती का?"

ही गोष्ट मी किती जणांना सांगितली आहे! डेपोतल्या जयंतीच्या कार्यक्रमात माइकवरून सांगितली आहे. टाळ्या घेतल्या आहेत. आणि घरी येऊन अक्कांची चटणी खाल्ली आहे. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. मला माझी लाज वाटली, साधीसुधी नाही, तोंडाला कडू चव यावी तशी. त्याच दिवशी ठरवलं, की अक्कांच्या नळाला पाणी आलं पाहिजे. माझ्या घागरीतून नाही, त्यांच्या नळातून.

नवरा म्हणाला, "आपली मोटर बंद केली की झालं."

पुढच्या पाण्याच्या दिवशी केली बंद. काय झालं? अक्कांना तीच करंगळीची धार, दीड तासात चार बादल्या. आम्हाला तेवढंच. टाकी रिकामी. नवऱ्याने बोलून काही दाखवलं नाही, फक्त दुसऱ्या दिवशी आंघोळीला तांब्या घेऊन गेला आणि तो तांब्या मला दिसेल असा आपटला. म्हणजे माझ्या एकटीच्या चांगुलपणाने काही होणार नव्हतं.

मी चावीवाल्याला गाठलं. सायकलवरून, खांद्यावर ती लोखंडी चावी घेऊन जातो तो. त्याला म्हटलं, "पाणी कमी सोडता का हो आमच्या गल्लीला?"

तो हसला. "बाई, पाणी हाय तेवढंच हाय, आणि तुमच्या गल्लीला पुरतंय. तुमी ओढता म्हून पुरत न्हाय. सगळ्यांनी पाऊण तास मोटरी बंद ठिवा, शेवटच्या घरापतोर पाणी आपल्या पायानं चालत जातंय का न्हाय बघा."

एवढं सोपं होतं. आणि एवढं अवघड, हे मला पुढच्या पाच दिवसांत कळलं.

पाय ओढत मी घरोघर गेले. पाऊण तास मोटरी बंद, खालच्या भांड्यांत, हौदात ज्याचं त्याने भरून घ्यायचं, मग पुढे ज्याला वर चढवायचं त्याने हौदातून चढवावं, नळातून नाही. ऐकून घ्यायचे सगळे. चहा द्यायचे. मान डोलवायचे. आणि शेवटी एकच वाक्य: "आमची तयारी हाय, पर आधी त्यांना बंद करू द्या." नववं घर आठव्याकडे बोट दाखवी, आठवं सातव्याकडे. पंचवीस वर्षं मी हेच बघत आले. गाडी दारात चेंगरलेली, मध्ये मोकळी. प्रत्येक जण म्हणतो, पुढचा सरकला की मी सरकतो. पण गाडीत मी बेल वाजवून गाडी थांबवू शकते. गल्लीला कुठली बेल?

शेवटी पहिल्या घरी गेले. वहिनी पायरीवर बसून ज्वारी निवडत होत्या. त्यांनी सगळं ऐकलं.

"तुमचं समदं पटतंय बघा," त्या म्हणाल्या. "पर माझ्या वर सहा भाडेकरू हायत. मी मोटर बंद केली आणि मागं कुणी एकानं हळूच चालू ठिवली, मंजी मी येडी ठरली का न्हाय?"

"कोण ठिवंल? मी बघते ना."

"तुमची एक एचपीची हाय म्हनं," वहिनी सूप पाखडत म्हणाल्या. "आमची तर अर्ध्याचीच हाय बाई."

त्या ऐकायला तयार झाल्या, पण अशा नजरेने, की बघू तुझा शब्द किती टिकतो. मी म्हटलं, माझ्या शब्दाची हमी. माझ्या आवाजातच म्हटलं, त्यामुळे गल्लीने ऐकलं.

तिसरा पाण्याचा दिवस आला. सकाळपासून गल्लीत लगीनघाई. घराघरातल्या बायका दारात येऊन बसलेल्या, प्रत्येकीचा कान शेजारणीच्या भिंतीकडे. नऊला चावी फिरली. एकही मोटर वाजली नाही. पाण्याच्या दिवशी आमच्या गल्लीत पाखरांचा आवाज मी पहिल्यांदा ऐकला. पहिल्या घराची भांडी भरली, दुसऱ्याची, तिसऱ्याची. पाणी खरंच चालत येत होतं. सहावं, सातवं. मी अक्कांच्या खड्ड्याजवळ काठी टेकून उभी. नळ दोनदा खोकला. आता येणार, आता येणार, आणि मग तो ओळखीचा आवाज. स्स्स.

"कुनाची तरी चालू हाय!" मी ओरडले. "आवाज दाबलाय, पर चालू हाय!"

वहिनी उठल्या. बाई हुशार. घरांत डोकावत बसल्या नाहीत, सरळ प्रत्येक घराच्या बाहेर येणाऱ्या पाइपावर हात ठेवत निघाल्या. पाइप थरथरतो ना मोटर चालू असली की. दुसरं घर, तिसरं, पाचवं, सगळे बघे मागोमाग. मीही लंगडत त्यांच्या मागे, तोंडाने चालूच, "सापडू दे, त्याला सोडत न्हाय." नवव्या घराचा पाइप गप्प. दहाव्यावर वहिनींनी हात ठेवला. ठेवला तो काढलाच नाही. माझ्याकडे बघत राहिल्या.

आमच्या मोरीत, गणवेशाच्या चिंध्यांनी भरलेल्या दोन पोत्यांखाली, माझी एक एचपीची मोटर दबक्या आवाजात चालू होती. नवरा शेजारी उभा.

"अगं, फकस्त पाच मिन्टं," तो म्हणाला. "दहा दिस झाले टाकी कोरडी हाय."

वहिनी म्हणाल्या, "कंडक्टरच विनातिकीट निघाली की!"

जे हसू फुटलं ते चौकापर्यंत गेलं असणार. मी आयुष्यात शेकडो लोकांना गाडीत सगळ्यांसमोर पकडलं आहे. पकडलेला माणूस नेमका कसा उभा राहतो, हात कुठे ठेवायचे हे त्याला कसं कळत नाही, ते मी बघितलेलं होतं. त्या दिवशी माझे हात मला कुठे ठेवावे कळेना. दोन मिनिटांत दहाही मोटरी सुरू झाल्या. नव्हे, नऊ. दहावी माझी, ती मी प्लग ओढून बंद केली.

नवऱ्याशी मी भांडले नाही. भांडली असतीस तर परवडलं असतं, असं तो अजून म्हणतो. कारण मला एक गोष्ट दिसली होती. त्याने चोरी केली ती लबाडीने नाही, भीतीने. आपलं कमी पडेल ही भीती. आणि ती भीती प्रत्येक घरात पोत्याखाली चालूच होती. मोटर भिंतीला जोडलेली आहे तोवर माणूस बटणाकडे बघणारच. मग शब्द कुणाचा का असेना.

मी पान्हा घेतला. नवऱ्याला म्हटलं, "धरा इकडून." चार नट काढले, पाइप सोडवला, मोटर मोकळी केली. त्याच्या दोन्ही हातांवर दिली आणि मी काठी टेकत पुढे, तो मोटर घेऊन मागे, अशी आमची वरात दहाव्या घरापासून पहिल्या घरापर्यंत गेली. भर सकाळी. बघणारे बघत होते.

वहिनींच्या पायरीवर मोटर ठेवायला लावली. म्हटलं, "ही तुमच्याकडं ठिवा."

"मी काय गोदाम उघडलंय?"

"ठिवा वहिनी. आज माझ्या घरात चोर सापडला. उद्या तुमच्या हिकडं दहा एचपीची लावली तरी माझ्या घरात आता वढायला कायच न्हाय. मला पाणी मिळंल तर तुमी सोडाल तेवढंच मिळंल. अक्कांना बी."

मोटर पायरीवरच राहिली. मी परत निघाले तेव्हा पाठीमागून कुणी हसलं नाही एवढं मात्र खरं.

पुढचे पाच दिवस आमच्या घरी जे पाणी होतं ते मोजून वापरलं. नवऱ्याने एक जुना ड्रम आणून मोरीत ठेवला. चौथ्या पाण्याच्या दिवशी, माझ्या रजेचा शेवटचा आठवडा होता, नऊ वाजता वहिनींची मोटर वाजली नाही. सव्वानऊला नाही. दुसऱ्या घराने कानोसा घेतला आणि त्यांनीही लावली नाही. नंतर मी विचारलं तर वहिनी फणकारल्या, "तुमची ती मोटर पायरीवर बसून येता-जाता माझ्याकडं बघती. तिला बघून बटन दाबायला हात होईना. घिऊन जावा की ती."

सगळं गोड झालं असं समजू नका. पाचव्या घराने त्या दिवशीही मोटर लावली. घरमालक म्हणाला, माझा नळ, माझी वीज. मी भांडायला तोंड उघडलं, पण वहिनींनी मला गप्प केलं आणि त्याच्या दारासमोर खुर्ची टाकून त्या मेथी निवडायला बसल्या. मग मी बसले. मग सातव्या घरची बाई वाटाणे घेऊन आली. कुणी एक शब्द बोललं नाही. आत मोटर, बाहेर आम्ही तिघी. दहा मिनिटांनी मोटर बंद झाली. तो अजूनही अधूनमधून लावतो, आणि अजूनही आम्ही भाजी घेऊन जातो. त्या गृहस्थाच्या दारात आमची आठवड्याची भाजी निवडून होते.

त्या दिवशी पावणेदहाच्या आत अक्कांच्या नळाला पाणी आलं. आधी खोकला, मग गढूळ थुंकी, मग अंगठ्याएवढी धार. न ओढता, न मागता. अक्का सूप बाजूला ठेवून उठल्या. मी खड्ड्याच्या काठावरच उभी होते, आणि खरं सांगायचं तर वाट बघत होते. काहीतरी म्हणतील. डोळ्यांत पाणी आणतील, हात धरतील.

अक्का म्हणाल्या, "सरका, घागर ठेवायची हाय."

मी सरकले. त्यांनी हंडा भरला, दोन्ही बादल्या भरल्या, डबा भरला, घरातली पातेली आणली, परात आणली, शेवटी आमटीची वाटीसुद्धा भरून ठेवली. मला वाटलं त्या दोन वर्षांचं भरून घेताहेत. मी घरी आले आणि मला हुंदका आला. आनंदाचा म्हणा, थोडा अपमानाचाही असेल. त्या संध्याकाळी चटणी आली नाही, नंतरही आली नाही.

आमचं घर आता आधीपेक्षा ओढगस्तीत आहे, हेही सांगायला हवं. गच्चीवरची टाकी अर्धीसुद्धा भरत नाही. ड्रममधून बादल्या काढून जिन्याने वर न्याव्या लागतात. गुडघे कुरकुरतात. डेपोत आता मीही पाण्याचं रडगाणं गाते. पण मोटर परत आणली नाही आणि आणणार नाही. वहिनींनी कंटाळून ती शेवटी शेतावर पाठवून दिली.

ही झाली वर्षापूर्वीची गोष्ट. आता गेल्या पाण्याच्या दिवसाची.

रविवार होता. मला सुट्टी. नवऱ्याला काय हुक्की आली कोण जाणे, त्याने नळाला पाइप लावला आणि दारात स्कूटर धुवायला काढली. तीही त्या पहिल्या पाऊण तासात. मी आत भाकरी थापत होते. बाहेरून आवाज आला, असा की माझ्याच आवाजाचा भास व्हावा.

"ओ कंडक्टरबाई! भायेर या आधी!"

मी पिठाच्या हातांनी बाहेर आले. अक्का आमच्या फाटकात उभ्या. पदर खोचलेला. एक हात कमरेवर, दुसऱ्या हाताचं बोट थेट नवऱ्याच्या पाइपाकडे.

"माझी धार बारीक झाली. बघती तर हितं गाडीची आंघोळ चाललीय! लाज वाटती का?"

"अक्का, आवाज खाली," मी म्हटलं. "बघते मी."

"खाली का? माझं पाणी हाय ते. तुमचं हाय तेवढंच माझं बी." आणि पुढे तेलुगूत जे काही म्हणाल्या, त्यातलं 'नीळ्ळु', म्हणजे पाणी, एवढंच मला कळलं, बाकीचं न कळलेलंच बरं.

माझं डोकं सणकलं. गल्ली दारात आली होती. वहिनी तर पार पहिल्या घरापासून चालत आल्या. माझ्या जिभेवर काय काय आलं! या गल्लीत पाणी कुणामुळे येतं? कुणी पाय मोडका घेऊन दारं पुजली? तोंड उघडलंही होतं मी. पण अक्का माझ्या डोळ्याला डोळा लावून उभ्या होत्या, पापणीसुद्धा हलत नव्हती, आणि बोलण्यात त्यांनी एक पाऊल मागे घेतलं नव्हतं. मी तोंड मिटलं. नवऱ्याला म्हटलं, "बंद करा तो पाइप."

त्याने बंद केला. अक्का तिथेच थांबल्या. पाइपातला शेवटचा थेंब पडेपर्यंत बघितलं, नळाची तोटी स्वतः पुढे येऊन एकदा घट्ट पिळली आणि गेल्या. हसल्या नाहीत, 'ताई' म्हणाल्या नाहीत, काही नाही.

मला राग आला होता आणि तो अजून गेलेला नाही. स्कूटर धुणं चूक होतं, कबूल. पण सगळ्या गल्लीसमोर असं बोलायचं? आज चौथा दिवस. अक्का माझ्याशी बोलत नाहीत, मी अक्कांशी बोलत नाही. वहिनी मध्यस्थी करायला आल्या होत्या. म्हणाल्या, जावा की तुमीच, मिटवून टाका, वयानं मोठ्या हायत त्या. मी स्वच्छ सांगितलं, मी जाणार नाही. बोलायचं असेल तर त्यांनी यावं. माझ्या दारापासून त्यांचं दार जेवढं लांब आहे, तेवढंच त्यांच्या दारापासून माझं आहे.